मधला पोगा

नाताळापेक्षा मला झावळ्यांचा रविवार जास्त आवडायचा. आजही हे कुणाला सांगितलं तर लोकांना नवल वाटतं. नाताळात मिरवणं सगळं मोठ्यांचं. आम्ही पोरींनी करंज्या लाटायच्या, कंदिलाच्या काचा पुसायच्या आणि ओळीत उभं राहून गाणी म्हणायची. झावळ्यांच्या रविवारी मात्र अख्खी गल्ली आमची असायची. ईस्टरच्या आधीचा हा रविवार. येशू गाढवावर बसून यरुशलेमात आला तेव्हा लोकांनी झाडांच्या डहाळ्या हलवून त्याचा जयजयकार केला, त्याची आठवण म्हणून आम्ही गल्लीच्या टोकापासून चर्चपर्यंत झावळ्या नाचवत, गात जायचो. पेटी गळ्यात अडकवून पप्पा, त्यांच्या मागे ढोलकी आणि झांजा, मग बायका, मग लहान पोरं. आणि सगळ्यांच्या पुढे, पेटीच्याही दहा पावलं पुढे, एक मुलगी. झावळीच्या पात्या विणून केलेला क्रूस काठीला बांधून तिने उंच धरायचा. ती मुलगी कोण, हे शनिवारी दुपारी ठरायचं. रविवारच्या शाळेतल्या सगळ्या मुलींनी आपापला क्रूस विणून पाळकीणबाईंच्या, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंच्या बायकोच्या, ओट्यावर ठेवायचा, आणि बाई चष्मा कपाळावर चढवून एकेक क्रूस उलटसुलट करून बघायच्या. दोन वर्षं ओळीने मनोरमाचा क्रूस निवडला गेला होता. मनोरमा माझी मैत्रीण होती, आणि त्या दोन्ही रविवारी मी तिच्याशी बोलले नव्हते.

आमचं गाव पाथर्डी तालुक्यातलं. दिवाळी झाली की अर्धं गाव ऊसतोडीला जायचं. दारांना कुलपं, गल्लीत म्हातारी माणसं आणि कुत्री. कारखाने बंद झाले की ट्रक परत यायचे, आणि ते नेमके ईस्टरच्या आसपास. ट्रकमधून चुली, कोंबड्या, गोधड्या आणि वीतभर वाढलेली पोरं उतरायची. सगळे उन्हाने रापलेले, आणि सगळे एकदम बोलायचे. पाच महिने मुकी झालेली गल्ली दोन दिवसांत अशी गजबजायची की आईला पप्पांच्या पेटीपेक्षा मोठ्याने ओरडून सांगावं लागे, आता ती बंद करा आणि पाणी आणा. पप्पा जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर आणि मंडळीतले वडील, म्हणजे चर्चचा कारभार बघणाऱ्या पाच जणांपैकी एक. त्यामुळे सणाच्या आठवड्यात आमच्या तीन खोल्या म्हणजे धर्मशाळाच. बाहेरच्या खोलीत गाण्यांचा सराव, मधल्या खोलीत झांजा घासणाऱ्या बायका, आणि आत आई एका चुलीवर बाजरीच्या भाकरी थापतेय, दुसऱ्या चुलीवर येसराची आमटी रटरटतेय. आमटीचा तो भाजलेल्या मसाल्याचा वास आला की मला अजूनही कुठेतरी मिरवणूक निघणार असं वाटतं.

गावात नारळाचं झाड एकच, किसनतात्यांचं. त्या कोरड्या रानात नारळ जगणं हीच नवलाची गोष्ट होती. तात्यांची बायको, बायजाकाकी, ऊसतोडीला संगमनेरकडे गेली असताना तिथून रोप डोक्यावर घेऊन आली होती. मोरीच्या तोंडाशी ते लावलं, आणि दुष्काळातही घरातल्या सगळ्यांच्या आंघोळीचं पाणी त्याच्याकडे वळवलं. झाड दीड पुरुष उंच झालं आणि काकी गेली. तात्यांनी ऊसतोड सोडली, घरी राहिले, आणि झाडाला पाणी घालायचं काम त्यांच्याकडे आलं. त्यांचं घर चर्चच्या भिंतीला लागून. तात्या बौद्ध. आमचे आणि त्यांचे आजोबा चुलतभाऊ. एका शाखेने बाप्तिस्मा घेतला, दुसरीने पुढे छप्पन साली दीक्षा घेतली, पण ताटं एकमेकांकडे जात राहिली. जयंतीच्या कमानीला आणि आमच्या मिरवणुकीला झावळ्या त्यांच्याच झाडाच्या. तात्या देताना नेहमी एकच वाक्य बोलायचे: "खालच्या दोन घ्या. मधल्या पोग्याला हात लावायचा न्हाई." पोगा म्हणजे शेंड्यातलं अजून न उलगडलेलं, सुरळी झालेलं पान. ज्वारीचा असतो तसाच, फक्त मनगटाएवढा जाड.

त्या वर्षी मी पंधरा वर्षांची होते आणि शहाणी होते. खालच्या झावळ्या विणताना चिरतात, हे मला दोन वर्षांच्या पराभवाने शिकवलं होतं. पोग्याची पाती हस्तिदंतासारखी पिवळट पांढरी असते, रिबिनीसारखी वळते, कुठेही तुटत नाही. शनिवारी सकाळी तात्या पाथर्डीच्या बाजाराला गेले, त्यांची सून शोभावहिनी हापशावर गेली, आणि मी चर्चची रंगकामाची शिडी आणि आमच्या घरचा कोयता घेऊन झाडाला भिडले. भीती वाटली नाही. खरं सांगायचं तर आनंदच होत होता. एका घावात पोगा तुटला नाही. जितकं खाली जावं तितकं ते पांढरं होत जायचं, म्हणून मी आणखी खाली घातला, मग आणखी. चौथ्या घावाला तो हातात आला; प्रत्येक घाव शेजारच्या झावळीच्या बुडालाही लागला होता. बुडाशी ओल्या खोबऱ्यासारखा गर होता. मी शिडीवरच बसून त्याचा एक तुकडा खाल्ला. गोड होता. मग शेजारच्या झावळ्या एकमेकींत गुंतवून मधली पोकळी झाकली आणि खाली उतरले. नारळाला फांद्या नसतात, एकच शेंडा असतो आणि तो खोलवर तोडला की झाड संपतं, हे मला माहीत नव्हतं. पण हात लावायचा नाही, एवढं माहीत होतं. ते पुरे होतं.

माझा क्रूस निवडला गेला. पाळकीणबाईंनी तो दोनदा उलटा केला, बोटांनी चाचपला आणि हसल्या. दुसऱ्या दिवशी मी पेटीच्या दहा पावलं पुढे चालले. ऊसतोडीहून आलेली माणसं दारादारांत उभी, होसान्नाचा गजर, ढोलकीवाल्याने धरलेला तो दुडका ठेका, डोक्यावर ऊन आणि त्या उन्हात माझा पांढरा क्रूस चमकत होता. आयुष्यात पुढे मला बढत्या मिळाल्या, सत्कार झाले, पण त्या दीडशे पावलांची सर कशालाही आली नाही. चर्चच्या पायरीपाशी तात्या त्यांच्या ओट्यावर उभे होते. त्यांनी क्रूसाकडे बघितलं आणि कौतुकाने विचारलं, "लई पांढरी झावळी हाय गं इस्तर. कुठली म्हनायची?" माझं नाव एस्तेर, पण गावात इस्तर. मी चालता चालता म्हणाले, "नगरहून आणली, तात्या." आणि आत गेले.

त्या वर्षी आमचा दृढीकरणाचा वर्ग चालू होता. बाप्तिस्मा लहानपणी आईबापांनी दिलेला असतो. मोठं झाल्यावर आपण स्वतः उभं राहून मंडळीसमोर विश्वास कबूल करायचा, बिशपसाहेबांनी डोक्यावर हात ठेवायचा आणि त्या दिवसापासून प्रभुभोजनाच्या मेजाला जायचं, ते दृढीकरण. वर्गात पाळकसाहेबांनी शिकवलं होतं की मनापासून मागितली की देव क्षमा करतो, त्याच क्षणी, हातचं काही न राखता. मला हा नियम फार सोयीचा वाटला. सोमवारी दुपारी भांडी घासताना मी क्षमा मागून टाकली. पोग्याची एक, खोटं बोलल्याची एक. आणि गंमत म्हणजे मला खरोखर हलकं वाटलं. तो हलकेपणा खोटा नव्हता, हे मी आजही म्हणेन. फक्त मी तिथेच थांबले.

आता मी वॉर्डाची प्रमुख परिचारिका आहे. नव्या मुली चुकतात, औषधाची वेळ चुकवतात, आणि धावत येऊन मला सॉरी म्हणतात. मी म्हणते, ठीक आहे, माफ केलं, आता चल पेशंटच्या कॉटपाशी. त्यांना वाटतं बाई कठोर आहे. वाटू दे.

आषाढ संपत आला तरी नारळाला नवं पान आलं नाही. आधी कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण खालच्या झावळ्या हिरव्या होत्या. मग त्याही एकेक करून मान टाकायला लागल्या. तात्यांचे गुडघे गेलेले, त्यांना वर चढता येत नव्हतं. ते खाली उभे राहून तासन् तास वर बघायचे. शेवटी त्यांनी निदान केलं. त्याच उन्हाळ्यात शोभावहिनी धुणं मोरीवर धुवायला लागली होती, धुण्याचा सोडा घालून. ते पाणी मुळाशी गेलं आणि झाड जळलं. वहिनी संगमनेरकडची, लग्नाला जेमतेम वर्ष झालेलं, पोटाशी होती. तिने एकदा म्हणून बघितलं की सोडा चिमूटभर असतो. तात्या त्यानंतर तिच्याशी बोलायचे थांबले. आणि बोलायचे थांबले एवढंच नाही, तिच्या हातचं खायचेही थांबले. बाहेर ओट्यावर स्टोव्ह मांडून स्वतः पिठलं करायचे, स्वतःचा चहा स्वतः उकळायचे. गल्लीतून जाणाऱ्या प्रत्येकाला ते दिसायचं. वहिनीचा नवरा सुरेशदादा जीप चालवायचा; गिऱ्हाइकाशी तोंड भरून बोलायचा आणि बापापुढे खाली मान घालायचा.

वहिनी आमच्याकडे यायची, आईजवळ बसून भाजी निवडायची. एकदा ती मला म्हणाली, "सासूबाईंचं झाड व्हतं ना, म्हनून. माणूस मारल्यावानी बघत्यात माझ्याकडं." मी मेथी निवडत होते. मी निवडत राहिले. त्या दुपारी मी पुन्हा क्षमा मागितली, आणि या वेळी हलकं वाटलं नाही. मला देवाचा रागच आला. एकदा झालेला व्यवहार तो पुन्हा का उकरतोय, असं मला वाटलं.

श्रावणात बिशपसाहेब येणार असं पत्र आलं आणि गल्लीत पुन्हा चैतन्य आलं. चर्चला चुना, दारांना रंग, आमच्या सहा जणींना पांढऱ्या साड्या. माझी साडी आईने स्वतः फॉल लावून तयार केली. त्या धामधुमीत मी पाळकसाहेबांना गाठलं. ते अंगणात स्कूटरचा प्लग काढून घासत बसले होते. मी आडून आडून विचारलं: एखाद्याने चूक केली, देवाने माफ केलं, तर ती चूक माणसांनाही सांगावी लागते का.

"देवानं माफ केलं हे नक्की?"

"तुम्हीच शिकवलंत."

"केलंच असणार. तो हात आखडता घेत नाही." त्यांनी प्लगवर फुंकर मारली. "मग आता अडलंय कुणाचं?"

मी पायाने अंगणातला एक खडा सरकवला.

"कुणाचंच अडलं नसतं तर तू एवढ्या कामात इथं आली नसतीस. त्या चुकीचं ओझं दुसऱ्या कुणाच्या डोक्यावर आहे का?" मी मान हलवली. कोण, काय, त्यांनी विचारलं नाही. "हे बघ एस्तेर, देव माफ करतो ते तू घरी निवांत बसावंस म्हणून नाही. तुला त्या माणसाच्या दारापर्यंत चालत जाता यावं म्हणून करतो. घाबरलेल्या माणसाचे पाय चालत नाहीत. तुझे आता चालायला हरकत नाही." प्लग बसवून ते उठले आणि म्हणाले, "जरा मागून ढकल."

मी स्कूटर ढकलली. पण तात्यांच्या दाराशी गेले नाही. दोन दिवस मी स्वतःला सांगत होते की दृढीकरण होऊन जाऊ दे, मग सांगू. शनिवारी संध्याकाळी आई मटणाचं वाटण करता करता पाळकीणबाईंना सांगत होती: शोभाला सातवा लागला, उद्या सकाळी तिचा भाऊ तिला बाळंतपणाला न्यायला येतोय, आणि तात्यांनी सुरेशला बजावलंय की ती गेली की मी बोलावल्याशिवाय परत आणायची नाही. "आणि तो म्हातारा काही बोलवत नाही," आई म्हणाली. "पोरीचं घर गेलं एका झाडापायी."

रविवारी बिशपसाहेब दहाला यायचे होते. पाथर्डीची गाडी साडेनवाची. मी नऊ वाजता पांढरी साडी नेसून, वेणीत अबोली माळून, आईने खांद्यावर मारलेल्या सहा टाचण्यांसकट तयार होते. खिडकीतून समोर तात्यांचं अंगण दिसत होतं. वहिनीची पिशवी ओट्यावर, तिचा भाऊ उभ्याने पाणी पितोय, सुरेशदादा जीपचा आरसा पुसतोय, तात्या पाठ करून स्टोव्हला पंप मारताहेत. मी उठले आणि चालायला लागले. कुठे चाललीस, साडी मळेल, हे आईचं बोलणं मागे राहिलं. मी घाबरलेलीच होते. पण पाय चालत होते. याचंच मला नवल वाटत होतं.

मी अंगणाच्या मध्यावर उभी राहिले आणि एका दमात सगळं बोलून टाकलं. सोड्याने झाड मेलं नाही. झावळ्यांच्या रविवारासाठी मी पोगा तोडला. तो पांढरा क्रूस नगरच्या झावळीचा नव्हता, याच झाडाचा होता.

तात्यांनी पंप थांबवला, माझ्याकडे वळून बघितलं, मग वहिनीकडे बघितलं आणि हसले. ते हसतील असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं.

"शोभीनं शिकवून पाठवली व्हय? का मास्तरीनबाईनं?"

"कुणी नाही, तात्या. मीच तोडला."

"तुमच्यात ती रीतच हाय. दुसऱ्याचं पाप आपल्या अंगावर घ्यायचं आन् मोठं व्हायचं. मास्तर दर नाताळाला सांगतो की. चांगलं हाय, पन माझ्या दारात नगं."

"ते येशूनं केलं, तात्या. मला ते जमणार नाही. हे माझंच आहे."

"जा पोरी. तुजा सन हाय आज."

माझी पंचाईत झाली. सगळ्या तयारीत मी एकच गोष्ट धरून चालले होते की सांगितलं की विश्वास बसेल. रागावतील, मारतील, इथवर विचार केला होता. खरं बोलून ते कुणाला खरं वाटणार नाही, याची तयारी नव्हती. वहिनी खांबाला टेकून माझ्याकडे बघत होती, आणि तिच्याही तोंडावर स्पष्ट दिसत होतं की तिला वाटतंय, पोर आपल्यासाठी खोटं बोलतेय. तिचा भाऊ घड्याळ बघून म्हणाला, चला, गाडी यील.

मी चर्चच्या मागे धावले, शिडी ओढत आणली आणि झाडाला लावली. सुरेशदादा म्हणाला, अगं साडी. मी पदर खोचला आणि चढले. शेंड्यात हात घातला तर मनगटापर्यंत काळा, कुजलेला चिखल, आणि असा भपकारा आला की मी तोंड फिरवलं. किडे निघाले. शेजारची झावळी वाळली होती. मी दोन्ही हातांनी तिला हिसका मारला, टाचण्या तटातट तुटल्या, आणि झावळी बुडख्यासकट तात्यांच्या पायापाशी पडली.

तात्यांनी ती उचलली. बुडखा धोतराने पुसला. वीस वर्षं ऊस तोडलेला माणूस. त्यांनी अंगठा खाचांवरून फिरवला, आणि त्यांचं हसू गेलं.

"कोयत्याचे घाव हायेत," ते म्हणाले. मग मोजले. "एक. दोन. तीन. चार. तिरपे." वर माझ्याकडे बघून म्हणाले, "ऊसतोडीला आली असतीस तर मुकादमानं दुसऱ्याच दिशी हाकललं असतं तुला."

मी शिडीवर तशीच. रस्त्याकडून गाडीचा हॉर्न ऐकू आला. वहिनीच्या भावाने पिशवी उचलली. तात्यांनी झावळी भिंतीला टेकवून ठेवली आणि सुनेकडे न बघता म्हणाले, "शोभा, च्या टाक."

"मामा, गाडी आलीया," ती म्हणाली.

"जाऊ दे गाडी. सुऱ्या जीपनं सोडंल संगमनेरपातूर. च्या टाक, पावनं उपाशी हायेत." ती आत वळली तेव्हा मागून म्हणाले, "आन् सव्वा म्हैना झाला की सुऱ्या न्यायला यील. तवर बाळाला थंडीत बाहीर काढू नको." सुरेशदादाने जीपचा आरसा पुन्हा पुसायला घेतला. तो स्वच्छच होता.

मी घरी गेले तेव्हा आईने आधी साडी बघितली. तिने काय काय म्हटलं ते लिहीत नाही. हातावरचा चिखल तिने राख लावून घासून काढला, तोवर मी तिला आणि पप्पांना सगळं सांगितलं. पप्पांचा चेहरा उतरला. चर्च रंगवायला आणलेली शिडी, मंडळीतल्या वडिलांची मुलगी, आणि ज्या क्रूसामागे ते स्वतः पेटी वाजवत गेले तो क्रूस. ते एवढंच म्हणाले की पाळकांना सांगायला हवं, आज यादीत तुझं नाव ठेवायचं की नाही ते तेच ठरवतील. पाळकसाहेबांनी पायरीवर उभ्याउभ्या ऐकून घेतलं आणि विचारलं, "तात्यांना सांगितलंस?" सांगितलं, म्हटलं. "मग ओळीत उभी राहा. शेवटी." बिशपसाहेबांची जीप वळणावर दिसली, ढोलकी सुरू झाली, आणि मी डागाळलेल्या साडीत सहावी उभी राहिले. तुला आपल्या पापांचा पश्चात्ताप होतो का, असा प्रश्न सगळ्यांना सारखाच असतो. आधीच्या पाच जणी पुटपुटल्या. मी इतक्या मोठ्याने हो म्हणाले की मागच्या बाकावरची दोन पोरं हसली. डोक्यावर हात आला तेव्हा केसांत अजून कुजका वास होता, आणि मला आयुष्यात इतकं जागं कधी वाटलं नव्हतं.

जेवणं झाल्यावर मी तात्यांकडे गेले. वहिनी निघून गेली होती. मी म्हणाले, तात्या, मला माफ करा.

"ते तुजा देव करतो म्हनं."

"हो."

"मग झालं की. त्याच्याजवळ लई असंल. माझ्याजवळ सध्या न्हाई." त्यांनी आतून कुऱ्हाड आणली. "माझ्याजवळ काम हाय. हे असं मेलेलं मला रोज बघवत न्हाई. पाड."

मी शाळा सुटल्यावर रोज जात होते. तात्या पाटावर बसून घाव कुठे घालायचा, किती तिरपा घालायचा, पाय कुठे ठेवायचे हे सांगायचे. चुकला की शिव्या. नारळाचं खोड चिवट असतं, कुऱ्हाड रुतून बसते. पहिल्या दिवशी हाताला फोड आले, दुसऱ्या दिवशी फुटले, आईने चिंध्या बांधून दिल्या आणि जा म्हणाली. बायजाकाकीची गोष्ट त्यांनी तिसऱ्या दिवशी काढली. रोप आणताना ट्रकात जागा नव्हती, म्हणून तिने स्वतःची भांड्यांची पाटी मागे सोडली होती. हे त्यांनी मला दुखवायला सांगितलं की सहज, मला कळलं नाही. मी ऐकत होते आणि घाव घालत होते. चौथ्या दिवशी झाड कडकडलं. तात्या ओरडले, बाजूला हो, आणि ते मोरीच्या अंगाला, भिंतीला न लागता, सरळ आडवं झालं. दोन्ही बाजूंची पोरं धावली, बायका दारात आल्या. मी धापा टाकत उभी होते. तात्या काठी टेकत आले, बुंध्याशी वाकले, जमिनीत बोट खुपसून बघितलं.

"मुळं हायेत की अजून," ते म्हणाले. "उद्या ये."

येते, म्हणाले, आणि इतक्या आनंदाने घरी पळाले की आईने विचारलं, आज काय मिळालं तुला.